म्युऑनचं हस्तांतर मोजायला कुठे जावं: अखंड बीम की स्पंदित, जर्मेनियम की लँथॅनम ब्रोमाइड?

बीमटाइमचा, म्हणजे प्रवेगकावर प्रयोगासाठी मिळणाऱ्या वेळेचा, अर्ज भरायला बसलं की पहिल्याच पानावर प्रश्न येतो: कोणती बीमलाइन, म्हणजे कणांचा कोणता झोत हवा? म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण एका अणूकडून दुसऱ्याकडे कसा जातो ते मोजण्याच्या या क्षेत्रात उतरू पाहणारी मुलं मला हेच विचारतात, आणि विचारताना त्यांच्या डोक्यात एकच आकडा घोळत असतो. सेकंदाला म्युऑन किती मिळतात? आकडा महत्त्वाचा आहेच, पण त्याचा नंबर दुसरा. त्याआधी विचारायचं ते हे: तुम्हाला जी घटना पकडायची आहे ती म्युऑन थांबल्यापासून किती वेळानं घडते? पन्नास नॅनोसेकंदांनी की एका मायक्रोसेकंदानं? हे एकदा पक्कं झालं की बीम, डिटेक्टर, वायूचं मिश्रण, अगदी डबा कोणत्या धातूचा घ्यायचा इथपर्यंत सगळं त्याच्या मागोमाग येतं.

इथे तुलना मुख्यतः दोन ठिकाणांची आहे. एक, स्वित्झर्लंडमधल्या विलिगेनची पॉल शेरर इन्स्टिट्यूट. दुसरं, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरची रदरफर्ड अ‍ॅपलटन प्रयोगशाळा, जिथे आयसिस नावाच्या स्रोतावर जपानच्या रिकेन संस्थेनं म्युऑनची सोय उभी केली. भारतात असा प्रवेगकावरचा म्युऑन-स्रोत नाही. आकाशातून म्युऑन येतात, समुद्रसपाटीला तळहाताच्या दर चौरस सेंटिमीटरवर मिनिटाला साधारण एक, पण ते एवढे वेगवान असतात की वायूच्या डब्यात थांबणारा विरळाच. त्यामुळे या प्रयोगासाठी पासपोर्ट काढावाच लागतो.

आधी, मोजायचं काय आहे ते

ऋण म्युऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ. विद्युतभार तोच, वस्तुमान २०७ पट, आणि आयुष्य सरासरी २.२ मायक्रोसेकंद. हायड्रोजन वायूत तो थांबला की तिथल्या इलेक्ट्रॉनला हुसकावून स्वतः प्रोटॉनभोवती फिरू लागतो. त्याची कक्षा नेहमीच्या हायड्रोजनपेक्षा सुमारे १८६ पट लहान. असा हा म्युऑनिक हायड्रोजन आकारानं इवलासा आणि बाहेरून भाररहित असतो, म्हणून दुसऱ्या अणूच्या इलेक्ट्रॉनांच्या गर्दीतून तो बिनदिक्कत आत शिरतो. आत ऑक्सिजनचं केंद्रक भेटलं की म्युऑन प्रोटॉनला सोडून तिकडे जातो, कारण तिथला बंध कितीतरी घट्ट. हेच हस्तांतर. नव्या घरी तो वरच्या मजल्यावर उतरतो आणि पायऱ्या उतरत तळाशी येतो. उतरताना क्ष-किरण सोडतो.

शेवटच्या पायरीचा, म्हणजे दुसऱ्या कक्षेतून पहिलीत येतानाचा क्ष-किरण ही त्या मूलद्रव्याची सही. कार्बनची सही ७५.३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला (यापुढे बोलीप्रमाणे केईव्ही), नायट्रोजनची १०२.४ ला, ऑक्सिजनची १३३.५ ला, निऑनची २०७ च्या आसपास आणि अर्गॉनची ६४४ च्या आसपास. स्वतः म्युऑनिक हायड्रोजनची सही फक्त १.९ केईव्हीची. ती डब्याच्या भिंतीतच जिरते, बाहेर येत नाही.

खरी गोम पुढे आहे. म्युऑन हायड्रोजनला न भेटता थेट ऑक्सिजनमध्ये पकडला गेला, तरी सही तीच, १३३.५ केईव्ही. ऊर्जेवरून दोघांत फरक करता येत नाही. फरक वेळेचा असतो: थेट पकडीचा क्ष-किरण तत्काळ येतो, हस्तांतराचा उशिरा. म्हणजे हा प्रयोग दिसायला ऊर्जेचा, पण आतून घड्याळाचा आहे. उशिरा आलेल्या क्ष-किरणांची संख्या वेळेनुसार कशी घसरत जाते हे बघायचं आणि त्या उतारावरून हस्तांतराचा दर काढायचा.

(ही अदलाबदल डोळ्यांनी पहिल्यांदा दिसली ती क्ष-किरणांविना. १९५६ साली बर्कलीत लुई अल्वारेझ यांच्या गटाच्या द्रव-हायड्रोजनच्या बुडबुडा-कक्षात काही म्युऑनच्या रेघा एका जागी संपायच्या आणि थोडी रिकामी जागा सोडून पुन्हा सुरू व्हायच्या. मधल्या रिकाम्या जागेत म्युऑन प्रोटॉनकडून ड्यूटेरियमकडे, म्हणजे जड हायड्रोजनकडे, गेलेला असायचा, आणि तो भाररहित अणू रेघ न उमटवता सरकत असायचा. प्रोटॉन-ड्यूटेरियमच्या बंधनऊर्जेतला १३५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा फरक त्याला ढकलायला पुरतो.)

तुमचं घड्याळ किती वेगानं चालतं

एक हिशोब करून दाखवतो, कारण अर्जात तो असलाच पाहिजे आणि बहुतेक मसुद्यांत तो नसतो.

समजा ३०० केल्विनला ४० बार दाबाचा हायड्रोजन आहे. अणूंची घनता द्रवरूप हायड्रोजनच्या सुमारे साडेचार टक्के. त्यात वजनानं ०.३ टक्के ऑक्सिजन मिसळला, म्हणजे दर दहा लाख हायड्रोजन-अणूंमागे ऑक्सिजनचे साधारण १९० अणू. ऑक्सिजनकडे हस्तांतराचा दर, द्रव-हायड्रोजनच्या घनतेला जुळवून मांडायच्या रिवाजानुसार, या तापमानाला सेकंदाला सुमारे ८,८०० कोटी. तिन्ही आकड्यांचा गुणाकार केला की डब्यातला प्रत्यक्ष दर येतो: सेकंदाला सुमारे ७.६ लाख. म्युऑनचा स्वतःचा ऱ्हास ४.५५ लाख. नैसर्गिक हायड्रोजनमधल्या ड्यूटेरियमकडे साधारण एक लाख, आणि दोन प्रोटॉनांचा म्युऑनिक रेणू होण्यात आणखी ९० हजारांच्या आसपास. बेरीज चौदा लाख, म्हणजे म्युऑनिक हायड्रोजनचं आयुष्य ०.७ मायक्रोसेकंद.

आता ऑक्सिजन दहापट करा. आयुष्य १२० नॅनोसेकंदांवर येतं. वायू तोच, डबा तोच, पण प्रयोग आता वेगळ्या देशात करायला हवा. का, ते पुढे.

अखंड बीम की स्पंदित

विलिगेनचा सायक्लोट्रॉन हा प्रवेगक ५९० एमईव्हीचे (एक एमईव्ही म्हणजे हजार केईव्ही) प्रोटॉन देतो आणि त्यांच्या पुड्या एकमेकींपासून २० नॅनोसेकंदांवर येतात. प्रोटॉन लक्ष्यावर आदळले की आधी पायॉन हे कण होतात आणि त्यांच्यापासून म्युऑन. वाटेत पायॉनचा ऱ्हास होतो, त्याला स्वतःला २६ नॅनोसेकंद लागतात, त्यामुळे म्युऑनपर्यंत पोचेतो ही लय जवळजवळ पुसली जाते. म्युऑन एकेक करून येतात. बरोबर दारात बसवलेला पातळ सिंटिलेटर, म्हणजे कण गेला की चमकणारी पट्टी, प्रत्येकाची नोंद घेतो: हा आला, घड्याळ सुरू.

आयसिसचा ८०० एमईव्हीचा सिंक्रोट्रॉन सेकंदाला ५० झटके देतो, त्यातले ४० म्युऑनवाल्या लक्ष्याला मिळतात. एका झटक्यात दोन स्पंदनं असतात, प्रत्येक साधारण ७० नॅनोसेकंद रुंद, दोघांत ३२० नॅनोसेकंदांचं अंतर. म्युऑन शेकड्यांनी एकदम येतात. कोण केव्हा आला हे विचारायची सोय नाही; घड्याळ झटक्याचं, म्युऑनचं नव्हे. दोन झटक्यांत मात्र २० मिलिसेकंद निव्वळ शांतता.

एकीकडे २० नॅनोसेकंद, दुसरीकडे २० मिलिसेकंद. दहा लाख पटींचा फरक आहे, आणि दोन्ही ठिकाणच्या चांगल्या-वाईट गोष्टी याच फरकातून निघतात.

| | विलिगेन, अखंड | आयसिस, स्पंदित |
|---|---|---|
| घड्याळाची अचूकता | डिटेक्टर देईल तेवढी, काही नॅनोसेकंद | स्पंदनाची रुंदी, ७० नॅनोसेकंद. वर दुसरं स्पंदन |
| उशिराची पार्श्वभूमी | इतर म्युऑनच्या इलेक्ट्रॉनांची सपाट गादी | फारच कमी |
| म्युऑनच्या संख्येची मर्यादा | एकावर एक येण्यामुळे | झटक्यासरशी येणाऱ्या तत्काळ क्ष-किरणांच्या पहिल्या लखलखाटात डिटेक्टर आंधळा होण्यामुळे |
| जमणारं काम | जलद हस्तांतर, ऊर्जेवर अवलंबून बदलणारा दर | विरळ मिश्रण, लेझरसोबतचं काम |

तिसऱ्या ओळीवर थोडं थांबतो. अखंड बीमवर एका म्युऑनचा क्ष-किरण पाहायला तुम्ही १० मायक्रोसेकंदांची खिडकी उघडता. त्या वेळात दुसरा म्युऑन आला तर ती नोंद टाकून द्यायची, नाहीतर कुणाचा क्ष-किरण कुणाच्या नावावर पडेल सांगता येत नाही. सेकंदाला एक लाख म्युऑन घेतले तर खिडकीत दुसरा न येण्याची शक्यता ३७ टक्के, म्हणजे कामाच्या नोंदी ३७ हजार. दोन लाख घेतले तर शक्यता साडेतेरा टक्के, कामाच्या नोंदी २७ हजार. बीम दुप्पट केला आणि माल कमी झाला! म्युऑन आधीच्या म्युऑनपासूनही सुटा असावा अशी अट घातली, आणि ती घालावीच लागते, तर गणित याहून कडक होतं. म्हणून विलिगेनला जाऊन ‘जास्तीत जास्त बीम द्या’ म्हणणाऱ्याकडे तिथली मंडळी जरा सहानुभूतीनं बघतात.

आणखी एक फसवा आकडा. प्रयोगशाळांच्या पत्रकांत सेकंदाला दहा कोटी म्युऑन वगैरे लिहिलेलं असतं. ते धन म्युऑन असतात, लक्ष्याच्या पृष्ठभागावर थांबलेल्या पायॉनांपासून झालेले. ऋण पायॉन असे थांबले की केंद्रकच त्यांना गिळतं, म्हणून ऋण म्युऑन पृष्ठभागावरून मिळत नाहीत. उडत्या पायॉनांच्या ऱ्हासातून गोळा करावे लागतात आणि ते कित्येक पटींनी कमी असतात. हस्तांतराला लागतात फक्त ऋण. पत्रकातल्या आकड्यावर अर्ज बेतू नका.

स्पंदित बीमची खरी ताकद उशिराच्या वेळेत आहे. ०.७ मायक्रोसेकंद आयुष्याचं आपलं विरळ मिश्रण तिथे झकास चालतं: पहिले पाचशे नॅनोसेकंद सोडून द्यायचे, मग येतं ते जवळजवळ निर्भेळ हस्तांतर. १२० नॅनोसेकंदांचं मिश्रण तिथे नेलंत तर दुसरं स्पंदन संपेतो निम्म्याहून जास्त गोष्ट घडून गेलेली असते.

जपानमधल्या तोकाईच्या जे-पार्कलाही स्पंदित बीम आहे, सेकंदाला २५ झटके. बेंझिन आणि सायक्लोहेक्झेनसारख्या रेणूंकडे होणारं हस्तांतर तिथे मोजलं गेलंय. रसायनाकडे झुकणारा प्रश्न असेल, म्हणजे तोच कार्बन वेगवेगळ्या रेणूंत वेगळा वागतो का असा, तर तिथे विचारा. कॅनडातल्या व्हँकूव्हरच्या ट्रायम्फला गोठवलेल्या हायड्रोजनच्या पातळ थरांवर काम झालंय. ते कौशल्य फार वेगळं आहे, पहिल्या प्रयोगाला घेऊ नये.

जर्मेनियम की लँथॅनम ब्रोमाइड

जर्मेनियमचा डिटेक्टर १३३ केईव्हीजवळ साधारण एक केईव्हीची रेघ देतो. लँथॅनम ब्रोमाइड हा क्ष-किरण पडला की चमकणारा स्फटिक; त्याची त्याच जागी साधारण दहा केईव्हीची टेकडी होते. केवळ हे बघितलं तर निवड करायलाच नको.

पण जर्मेनियमचा सिग्नल सावकाश चढतो आणि त्याला नीट मोजायला मायक्रोसेकंद लागतात. स्पंदित बीमच्या पहिल्या लखलखाटात एका मोठ्या स्फटिकात दोन-तीन फोटॉन एकदम शिरले की सगळ्यांची मिळून एकच भलती ऊर्जा नोंदली जाते, आणि पुढचा महत्त्वाचा मायक्रोसेकंद तो स्फटिक सावरण्यातच घालवतो. लँथॅनम ब्रोमाइडचा प्रकाश १६ नॅनोसेकंदांत विझतो. लखलखाटानंतर तो लगेच कामाला हजर. शिवाय द्रव नायट्रोजनचा हंडा लागत नाही, म्हणून डब्याभोवती लहान लहान स्फटिकांचं कडं करता येतं.

त्याच्या खोडीही सांगून ठेवतो. लँथॅनमचा एक समस्थानिक निसर्गतः किरणोत्सारी आहे, त्यामुळे बीम बंद असतानाही स्फटिक स्वतःच बडबडत असतो: १४३६ केईव्हीला एक ठळक शिखर आणि खाली चाळिशीच्या आत एक. (‘पीक’ म्हटलं की आपल्याकडे शेत डोळ्यांपुढे येतं, म्हणून मी शिखर म्हणतो.) ही बडबड उपयोगीही पडते, रात्री तीनच्या पाळीत कॅलिब्रेशन सरकलं का ते बघायला वेगळा स्रोत आणावा लागत नाही. जर्मेनियमची खोड निराळी. म्युऑन केंद्रकात शिरला की न्यूट्रॉन बाहेर पडतात, आणि आठवडेच्या आठवडे न्यूट्रॉन खाल्लेल्या जर्मेनियमची रेघ हळूहळू पसरते.

एका बाबतीत जर्मेनियमला पर्याय नाही. थेट पकडलेला म्युऑन आणि हस्तांतरानं आलेला म्युऑन एकाच जिन्यानं उतरत असले, तरी पायऱ्या सारख्या वापरत नाहीत. हस्तांतरित म्युऑन वरून थेट तळाशी मोठ्या उड्या जास्त मारतो. ऑक्सिजनमध्ये १३३.५ च्या पुढे १५८ आणि १६७ केईव्हीला रेघा असतात, आणि त्यांचं आपसातलं प्रमाण मोजलं की म्युऑन कोणत्या मजल्यावर उतरला त्याचा अंदाज येतो. लँथॅनम ब्रोमाइडमध्ये या शेवटच्या दोन एकमेकींत मिसळतात.

माझं मत विचाराल तर: अखंड बीमवर जर्मेनियम, त्यात दुमत नको. स्पंदित बीमवर लँथॅनम ब्रोमाइडचं कडं आणि सोबत एक तरी जर्मेनियम. तो एक आकडे देण्यासाठी नाही, साक्षीला.

साक्षीदार का लागतो

साक्षीदार नव्हता तेव्हाची गोष्ट. स्पंदित बीमवरच्या एका मोजणीचं विश्लेषण माझ्याकडे होतं. कुठली, ते जाऊ द्या. ऑक्सिजनच्या टेकडीखालच्या नोंदी वेळेनुसार मांडल्या तर पहिल्या चारशे नॅनोसेकंदांत अपेक्षेपेक्षा चांगल्याच जास्त. मला हर्षवायू व्हायचा बाकी. वेगवान म्युऑनिक हायड्रोजन ऑक्सिजनकडे जास्त भराभर म्युऑन देतो हे वाचलेलं होतं, तेच आपल्याला दिसतंय असं धरून मी तीन दिवस आलेख रंगवले.

चौथ्या दिवशी निव्वळ हायड्रोजनची एक छोटी मोजणी हाती आली. ऑक्सिजन नावाला नाही, तरी टेकडी जागेवरच, थोडी उजवीकडे सरकलेली. डब्याची एक चकती पोलादाची होती. लोखंडात म्युऑन पाचव्या कक्षेतून तिसरीत उतरला की ऊर्जा किती होते? कागदावर बोहरचं साधं सूत्र मांडा: २६ चा वर्ग, गुणिले एक नवमांश वजा एक पंचविसांश, गुणिले २.८ केईव्ही. १३५ च्या आसपास. ऑक्सिजनपासून दीड केईव्हीवर. जर्मेनियमनं ते एका नजरेत वेगळं केलं असतं, दहा केईव्हीच्या टेकडीत दोघं एकच. ‘जलद हस्तांतर’ म्हणजे दुसऱ्या स्पंदनातले चकतीत थांबलेले म्युऑन होते.

तेव्हापासून डब्याचा धातू मी आधी ठरवतो. अ‍ॅल्युमिनियम चांगलं, क्ष-किरणांना वाट देतं. पण त्यात थांबलेला म्युऑन ८६४ नॅनोसेकंद तग धरतो, म्हणजे तुमच्या नेमक्या मोजणीच्या वेळात तो इलेक्ट्रॉन सोडत बसतो आणि गादी जाड करतो. आतून सोन्यासारख्या जड धातूचं अस्तर असेल तर भिंतीकडे गेलेला म्युऑन ७० ते ७५ नॅनोसेकंदांत केंद्रकात गडप होतो, नंतर शांतता. अस्तराचा खर्च ऐकून भुवया उंचावतात, पण स्पंदित बीमवर तो वसूल होतो. अखंड बीमवर एवढी निकड नसते.

कार्बन मोजायचा असेल, म्हणजे मिथेन वगैरे, तर जरा जास्तच जपून. कार्बनची सही ७५.३ केईव्ही आणि आडोशाला लावलेल्या शिशाची स्वतःची रेघ ७५.०. हे जर्मेनियमलाही धड सुटत नाही. शिसं ऱ्हासाच्या इलेक्ट्रॉनांमुळे उशिरापर्यंत चमकत राहतं, म्हणून वेळेची चाळणीही लागू पडत नाही. मग कार्बनची पुढची रेघ, ८९.२, घ्यावी म्हटलं तर अ‍ॅल्युमिनियमची चौथ्या कक्षेतून दुसरीत उतरण्याची रेघ तिथेच येऊन बसते! ती निदान तत्काळ असते, वेळेनं गाळता येते. उपाय जुनाच आहे: शिशाच्या आतल्या बाजूला कथलाचा आणि त्यावर तांब्याचा पत्रा.

कोणता वायू

अर्गॉन सगळ्यात सरळमार्गी. दर मोठा, सेकंदाला १४ ते १६ हजार कोटींच्या घरात, ६४४ केईव्हीची सही गर्दीपासून लांब, आणि एकअणू वायू असल्यानं रेणूंची भानगड नाही. पहिला प्रयोग असेल तर अर्गॉन घ्या. नवा शोध लागणार नाही, पण तुमची साखळी बरोबर चालते का ते कळेल.

निऑन विचित्र आहे. म्युऑनिक हायड्रोजनकडून त्याच्याकडे जाण्याचा दर अर्गॉनपेक्षा दहापटीहून कमी, आणि तोच म्युऑन ड्यूटेरियमवर बसलेला असेल तर दर पुन्हा दहापटीच्या आसपास वाढतो. केंद्रकाचा भार वाढला की दर वाढणार ही ढोबळ समजूत इथे कोसळते. तुमच्या हायड्रोजनमध्ये ड्यूटेरियम किती याची नक्की नोंद नसेल तर निऑनच्या वाटेला जाऊ नका.

ऑक्सिजनमध्ये खरा रस आहे. १९९० च्या दशकात विलिगेनला स्विस फ्रिबूर्गच्या गटानं हायड्रोजनमध्ये सल्फर डायऑक्साइड मिसळून मोजणी केली. गंधकाच्या क्ष-किरणांचा उतार एका साध्या घातांकी रेषेचा आला, ऑक्सिजनचा नाही. डबा एक, रेणूसुद्धा एक, आणि घड्याळं दोन! उलगडा असा झाला की ऑक्सिजनकडे जाण्याचा दर म्युऑनिक हायड्रोजनच्या गतिज ऊर्जेवर फार अवलंबून आहे: थंडावलेल्या अणूसाठी ८,५०० कोटींच्या आसपास, आणि ०.१२ ते ०.२२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या पट्ट्यात सुमारे ३९,००० कोटी. पहिल्या शे-दोनशे नॅनोसेकंदांत हे अणू अजून गरम असतात म्हणून सुरुवातीचा उतार वेगळा. हे दिसायला नॅनोसेकंदांचं घड्याळच हवं होतं. स्पंदित बीमवर हीच खूण लखलखाटाखाली पुरली गेली असती.

आणि तरीही त्याच प्रश्नाचा दुसरा, जास्त नेटका जबाब स्पंदित बीमवरूनच आला. इटलीच्या पुढाकारातल्या फामू गटानं आयसिसला वेगळी युक्ती केली. सुरुवातीच्या गरम अणूंच्या मागे न लागता त्यांना थंड होऊ दिलं आणि डब्याचंच तापमान बदललं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात १०४ केल्विनला दर ३,००० कोटींच्या आसपास आणि ३०० केल्विनला ८,८०० कोटींच्या, जवळजवळ तिप्पट. पुढच्या वर्षी पट्टा ७० ते ३३६ केल्विनपर्यंत वाढवला. प्रत्येक तापमानाला म्युऑनिक हायड्रोजनची ऊर्जा किती हे माहीत असतं, म्हणून निकाल वाचायला सोपा. प्रश्न एकच, पण त्यांनी आपल्या बीमला साजेशा मंद घड्याळावर तो पुन्हा मांडला. अर्ज लिहिताना ही जोडी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहे.

त्यांचं पुढचं काम तर स्पंदित बीमलाच शोभतं. म्युऑनिक हायड्रोजनच्या तळमजल्यावर दोन अगदी जवळच्या पातळ्या आहेत, अंतर ०.१८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. ६.८ मायक्रोमीटरच्या लेझरनं अणूला वर ढकलायचं. टकरीत तो खाली येतो आणि मिळालेल्या ऊर्जेतला साधारण ०.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टचा वाटा गतीत जातो. मग तो ऑक्सिजनला जास्त वेगानं म्युऑन देतो, आणि लेझरची तरंगलांबी नेमकी जुळली की १३३.५ केईव्हीच्या नोंदी वाढतात. इथे लेझरचा झटका म्युऑनच्या झटक्याशी जुळवता येतो. अखंड बीमवर लेझर चालतच नाही असं नव्हे: प्रोटॉनची त्रिज्या ०.८४१८४ फेम्टोमीटर सांगून २०१० साली खळबळ उडवणारा प्रयोग विलिगेनचाच होता. पण त्यासाठी एकेका म्युऑनच्या आगमनावर मायक्रोसेकंदाच्या आत पेटणारा लेझर खास बांधावा लागला. तुमच्याकडे तसा गट असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

मग अर्ज कुठे करायचा

प्रश्न ऊर्जेवर अवलंबून बदलणाऱ्या दराचा असेल आणि तुम्हाला गरम अणू थेट बघायचे असतील, किंवा मिश्रणात दोन मूलद्रव्यं असतील आणि दोघांची घड्याळं एकाच वेळी ताडून बघायची असतील, तर विलिगेन, जर्मेनियम, दाब पंधरा-वीस बार. जिन्याच्या पायऱ्यांचं प्रमाण मोजायचं असेल तरीही विलिगेनच.

थंडावलेल्या अणूचा दर तापमानानुसार हवा असेल, मिश्रण विरळ ठेवता येत असेल, किंवा पुढे कधीतरी लेझर जोडायचा विचार असेल, तर आयसिस. फक्त गणित उलट्या बाजूनं करा: आधी आयुष्य ०.५ ते १ मायक्रोसेकंद ठरवा आणि मग त्याला लागेल तेवढाच ऑक्सिजन घाला. वायू-मिश्रण विकत घेताना हे प्रमाण दहा लाखात दहा-वीस अणूंपर्यंत माहीत हवं. दराच्या आकड्यात पुढे सगळ्यात हट्टी चूक तीच निघते.

हस्तांतर हा तुमचा विषय नसून अवजार असेल, म्हणजे एखाद्या दुर्मीळ मूलद्रव्याचे काही मायक्रोग्रॅमच हाताशी असतील आणि त्यावर म्युऑन पोचवायचे असतील, तर पुन्हा विलिगेन. तिथल्या म्यूएक्स प्रयोगात १०० बार हायड्रोजनमध्ये पाव टक्का ड्यूटेरियम घालतात. म्युऑन प्रोटॉनकडून ड्यूटेरियमकडे जातो, तो अणू हायड्रोजनमधून जणू वायू नसल्यासारखा सरकत जातो आणि मागच्या भिंतीवरच्या पातळ थराला म्युऑन नेऊन देतो. ५ मायक्रोग्रॅम सोन्याचे क्ष-किरण त्यांनी असे पाहिले, आणि डोळा रेडियम-क्युरियमवर ठेवला. १९५६ च्या बुडबुडा-कक्षातली ती रिकामी जागा इथे कामाला लावलीय.

दोन्हीकडे, पाळ्यांचं वेळापत्रक आखताना पहिल्या दिवशी निव्वळ हायड्रोजन भरा, ऑक्सिजनचा सिलिंडर खोलीबाहेर ठेवा, आणि सहा तास तसंच चालवा. बीमटाइम समितीत कोणीतरी विचारेल की काहीच दिसणार नसताना सहा तास कशाला. त्यांना पोलादी चकतीचं सांगा.